पिंपं धुतली त्या जागेची माती: सॉल्व्हंट धरते कशी, सोडते कधी, आणि नमुना कधी घ्यायचा

मृगाचा पहिला पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी भाऊकाकांचा फोन ठरलेला. "अगो, विहिरीला परत तो वास येतोय." भाऊकाका म्हणजे माझे चुलत सासरे. जुलै उजाडेपर्यंत वास गेलेला असायचा, काकाही विसरलेले असायचे, आणि पुढच्या मृगाला पुन्हा फोन. असं पाच-सहा वर्षं चाललं. मी एकोणीस वर्षं एका रासायनिक कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासतात तिथे, काढलेली बाई, दिवसभर जीसीसमोर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) बसून सॉल्व्हंटची, म्हणजे रंग-ग्रीससारखं विरघळवणाऱ्या द्रव रसायनांची, शुद्धता बघायचे, तरी हे कोडं मला घरच्या विहिरीनेच शिकवलं.

झालं होतं ते एवढंच. हापूसच्या नव्या कलमांना पाणी साठवायला काकांनी जुन्या बाजारातून बारा लोखंडी पिंपं आणली. तळाशी दोन-चार बोटं काहीतरी उरलेलं होतं, वास गोडसर. विहिरीच्या वरच्या अंगाला कातळावर ती आडवी पाडून, साबणाची पावडर टाकून, खराट्याने घासून धुतली. मला विचारलं होतं आधी. मी म्हटलं, "काही नाही, उडून जातं ते." चार दिवसांत वास गेला, म्हणजे खरंच उडालं असं सगळ्यांना वाटलं. बरंचसं उडालंही. उरलेलं मातीने ठेवून घेतलं.

आपल्याकडे रासायनिक वसाहती किनाऱ्यालगत पाताळगंगेपासून लोट्यापर्यंत पसरल्यात आणि वापरलेली पिंपं तिथून गावोगाव जातात: पाणी साठवायला, जेटीला तरंगायला, शेणखताला. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांच्या परसात पिंपं धुतली गेली, जुनं गॅरेज होतं किंवा रंगकाम चालायचं, त्यांच्यासाठी.

आधी माती सॉल्व्हंट धरते म्हणजे काय, ते. सुक्या बांगड्याचा डबा आठवा. स्टीलच्या डब्यातून बांगडे काढले, एकदा साबणाने धुतलं की डबा मोकळा. प्लास्टिकचा डबा तीनदा धुवा, लिंबू चोळा, उन्हात ठेवा, वास जातो. मग झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडा. बांगडा हजर. कारण स्टीलला तेल नुसतं वरून चिकटलं होतं, प्लास्टिकमध्ये ते मुरलं होतं. मुरलेलं बाहेर यायला वेळ लागतो, आणि धुण्याने फक्त वरचा थर निघतो.

मातीत हे दोन्ही प्रकार एकत्र असतात. वाळूचे कण स्टीलच्या डब्यासारखे. कुजलेला पाला, शेणखत, मुळांचा चोथा, म्हणजे मातीतला सेंद्रिय भाग, हा प्लास्टिकच्या डब्यासारखा. ट्रायक्लोरोएथिलीन, टोल्युइन, पर्क्लोरोएथिलीन ही सॉल्व्हंट्स पाण्यात फारशी रमत नाहीत, सेंद्रिय भागात जाऊन मुरतात. ऍसिटोन आणि मिथेनॉल मात्र पाण्यात पूर्ण मिसळतात, त्यांना माती जवळजवळ धरतच नाही, पावसाच्या पाण्याबरोबर ती थेट खाली जातात. पिंपात काय होतं हे कळलं तर अर्धी लढाई तिथेच कळते.

हिशेब सोपा आहे, लॅबमध्ये आम्ही पेपरनॅपकिनवर मांडायचो. ट्रायक्लोरोएथिलीनसाठी सेंद्रिय कार्बनचा आकडा, म्हणजे निव्वळ सेंद्रिय कार्बन ते पाण्याच्या किती पट धरतो, साधारण 100 धरा. मातीत सेंद्रिय कार्बन किती टक्के, त्याने गुणा. समुद्राच्या वाळूत 0.1 टक्के असेल तर उत्तर 0.1. परसातल्या बऱ्या लाल मातीत 1 टक्का, उत्तर 1. पोफळीच्या आगरात वर्षानुवर्षं पाला-शेण पडलेल्या मातीत 3 टक्के, उत्तर 3. एक लिटर पाण्यात जेवढं सॉल्व्हंट असेल त्याच्या इतकं पट एक किलो माती धरून ठेवते, असा त्याचा अर्थ. मातीचं वजन आणि पोकळी हिशेबात घेतली की वाळूतून सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जेमतेम दीडपट सावकाश जातं, लाल मातीतून चौपट, आगराच्या मातीतून आठपट. पाणी महिन्याभरात जिथे पोचेल तिथे पोचायला त्याला आठ महिने. पर्क्लोरोएथिलीन त्याहूनही मंद. म्हणजे आगर विहिरीला वाचवतं, पण तेवढाच काळ विष सांभाळूनही ठेवतं.

हे झालं पाण्यात विरघळलेल्या सॉल्व्हंटचं. पिंपातून सांडतं ते न विरघळलेलं, थेंबाथेंबाचं. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, पाण्यावर तरंगतं. ट्रायक्लोरोएथिलीनची घनता 1.46, ते विहिरीच्या पाण्यातही खाली बुडतं. जांभ्याच्या भोकाभोकांतून उतरताना त्याचे थेंब पोकळ्यांत अडकून बसतात, आणि येणारं-जाणारं पाणी त्यांना थोडं-थोडं चाटत राहतं. किती काळ पुरतात याचा अंदाज हवा तर: जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची ट्रायक्लोरोएथिलीनची सध्याची मर्यादा लिटरला 8 मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर सॉल्व्हंट म्हणजे 1.46 किलो. सगळं पाण्यात गेलं तर अठरा कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. आमच्या पिंपांत तसे दोन-चार लिटर नक्की होते.

आता मृगाच्या फोनचं कोडं. यासाठी एक प्रयोग करून बघा, मुलांनाही दाखवता येईल, मात्र अंगणात, चूल-विडी लांब ठेवून. झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या घ्या. एकीत धुऊन वाळवलेली समुद्राची वाळू. दुसरीत चिरेखाणीवर मशीन चालतं तिथली जांभ्याची लाल भुकटी, दोन दिवस पत्र्यावर कडक उन्हात वाळवलेली. तिसरीत आंब्याच्या बुंध्याखालची पालापाचोळ्याची जरा ओलसर माती. अर्धी-अर्धी बरणी भरा. प्रत्येकीत हार्डवेअरच्या दुकानातल्या टर्पेंटाइनचे पाच थेंब टाका, झाकण लावून हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी एकेक उघडून हाताने वारा घेत वास बघा, बरणीत नाक खुपसू नका. वाळूची बरणी भसकन वास देईल. बाकी दोन जवळजवळ गप्प.

मग प्रत्येकीत चमचाभर पाणी टाका. वाळूत फरक नाही. पाल्याच्या मातीत फारसा नाही. पण सुक्या जांभ्याच्या भुकटीतून वास उसळून येतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बरणी हातातून ठेवूनच दिली. काकू पडवीतून म्हणाल्या, "हाच गो तो, विहिरीसारखा येतोय बघ," वास वेगळा होता खरं तर, पण उसळणं तेच होतं.

त्याचं असं आहे. कोरडी चिकणमाती आणि जांभ्यातले लोहाचे ऑक्साइड आपल्या पृष्ठभागावर वाफा घट्ट धरतात, कारण तिथे दुसरं कोणी बसलेलं नसतं. पण त्या पृष्ठभागाची खरी ओढ पाण्याकडे. पाणी आलं की सॉल्व्हंटला उठवून स्वतः बसतं. पहिल्या पावसाचा मृद्गंध याच वाटेने येतो. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोन संशोधकांनी त्याला पेट्रीकोर असं नाव दिलं, आणि उन्हाळ्यात तापलेल्या मातीतून कनौजकडे काढतात त्या मातीच्या अत्तराचीही त्यांनी दखल घेतली होती. आपण ज्या वासाने खूश होतो त्याच दाराने आमच्या विहिरीचं सॉल्व्हंट बाहेर पडत होतं. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत कातळावरची माती वाळत जाते, खालून वर येणारी वाफ धरत जाते, आणि मृगात दोन दिवसांत सगळं सोडते. वरून जांभा भोकाभोकांचा, त्यामुळे ते पाणी काही तासांत विहिरीत. पहिल्या पावसाने विहीर लाल होते ना, त्याच वेगाने.

जुलैत वास का जातो? तीन हजार मिलिमीटर पावसापुढे कशाचाही वास जाईल. जात नाही ते मुरलेलं. जांभ्याखाली मऊ, पांढुरकी-गुलाबी चिकणमाती असते, विहीर खणणाऱ्यांना ती चांगली माहीत, पहार गपकन जाते तिथे. सॉल्व्हंट वर्षानुवर्षं तिच्यात हळूहळू शिरलेलं असतं. वरचं पाणी स्वच्छ झालं की ते तेवढ्याच हळू उलट बाहेर येऊ लागतं. शिरायला दहा वर्षं लागली तर निघायला त्याहून जास्तच लागतात. कणांच्या आत सूक्ष्म छिद्रांत अडकलेलं तर आणखी चिवट. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या तंबाखूच्या शेतांत मातीत धुरी द्यायला डायब्रोमोइथेन वापरायचे. ते उडून जाणारं, जंतू खाऊ शकतात असं रसायन, तरी शेवटच्या वापरानंतर 19 वर्षांनी मातीत सापडलं. त्याच मातीत नवं डायब्रोमोइथेन टाकलं तर ते थोड्या दिवसांत नाहीसं व्हायचं, जुनं मात्र जागचं हलत नव्हतं. हे 1987 साली प्रसिद्ध झालं. "उडून जातं" म्हणताना मला हे माहीत नव्हतं.

आता आम्ही केलेल्या चुका, म्हणजे तुम्ही करू नका.

पहिली, साबण. साबण तेलाला पाण्यात ओढतो म्हणूनच भांडी निघतात. मातीत अडकलेले थेंबही तो सोडवतो आणि खाली पाठवतो. काकांनी दुसऱ्या वर्षी त्या जागेवर पुन्हा पावडर टाकून पाणी मारलं, तेव्हा वास महिनाभर राहिला. दुसरी, विहीर उपसणं. उपसली, दोन दिवस पाणी छान, आठवड्याने परत तेच, बांगड्याच्या डब्यासारखं. तिसरी, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा माणूस टाकून गेला, त्याचा दोष नाही, त्याला जंतूंसाठीच सांगितलेलं असतं. टीसीएलने जंतू मरतात, सॉल्व्हंटला ते काही करत नाही. चौथी, माती खणून शेतावर पसरणं. हे आम्ही केलं नाही, पण शेजारच्या वाडीत सुचवलं होतं कोणीतरी. पाणी उकळणंही नको, सॉल्व्हंट पाण्यातून निघून स्वयंपाकघरात तुमच्या नाकात जातं. आणि ते टीडीएसचं पेन घेऊन येतात ना फिल्टरवाले, "मावशी, शंभरच्या खाली आहे, एकदम शुद्ध!" ते पेन क्षार मोजतं. सॉल्व्हंट वीज वाहत नाही, पेनाला ते दिसतच नाही.

नाकावरही विसंबू नका. बेंझीनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे आणि पाण्यात त्याचा वास लागायला त्याच्या शेकडो पट जास्त असावं लागतं. वास आला तर नक्की काहीतरी आहे. वास आला नाही यातून काहीच कळत नाही.

म्हणून तपासणी. पण कधी, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. मी पहिला नमुना मे महिन्यात घेतला, कारण मला सुट्टी तेव्हा होती. अहवाल आला "बीडीएल", म्हणजे आढळलं नाही. काका म्हणाले, "बघ, उगाच." तसाच नमुना मृगाच्या पहिल्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी घेतला तेव्हा ट्रायक्लोरोएथिलीन मर्यादेच्या वर होतं. विहीर तीच, प्रयोगशाळा तीच.

नमुने चार घ्या असं मी सांगेन. मे अखेरीस, पाणी तळाला गेलेलं असताना. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडल्यावर एक-दोन दिवसांत. आर्द्रा-पुनर्वसूचा मुसळधार चालू असताना. आणि हस्त संपून पंधरा दिवस कोरडे गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे, कारण तेव्हा वरचं ओसरलेलं असतं आणि खालच्या चिकणमातीतून येणारं उघडं पडतं. पैसे एकाचेच असतील तर मृगाचा घ्या.

प्रयोगशाळेत "पिण्याच्या पाण्याची तपासणी" म्हणून देऊ नका. त्या पॅकेजात पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट आणि जंतू असतात, सॉल्व्हंट नसतात. "व्हीओसी, जीसी-एमएसवर" असं स्पष्ट सांगा; व्हीओसी म्हणजे उडून जाणारी सेंद्रिय रसायनं, आणि जीसी-एमएस म्हणजे ती वेगळी करून ओळखणारं यंत्र. ट्रायक्लोरोएथिलीनबरोबर सिस-डायक्लोरोएथिलीन आणि व्हिनाइल क्लोराइडही मागा. भातखाचरासारख्या हवा नसलेल्या चिखलात जंतू ट्रायक्लोरोचा एकेक क्लोरीन काढत जातात, आणि मध्येच थांबले तर व्हिनाइल क्लोराइड साठतं, जे मूळ सॉल्व्हंटपेक्षा वाईट. नुसतं ट्रायक्लोरो कमी झालं म्हणून आनंद मानू नका.

बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणा: 40 मिलिलिटरच्या काचेच्या, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण असलेल्या. आत तळाशी ऍसिडचे थेंब असतात, बाटली खळबळून धुऊ नका. मी नाही, पण माझ्या नवऱ्याने दोन बाटल्या अशा स्वच्छ केल्या. पाणी बादलीने शेंदून वरून ओतलं तर ओततानाच सॉल्व्हंट उडतं. वजन बांधलेली अरुंद तोंडाची काचेची बाटली दोरीने पाण्याखाली बुडवून वर काढा, एक वरच्या पाण्यातून आणि एक तळाजवळून. मग बाटलीच्या कडेने हळू ओता, तोंडावर पाण्याचा घुमट आला पाहिजे. झाकण लावा, उलटी करा, बोटाने टिचकी मारा. मुगाएवढा बुडबुडाही दिसला तर ती बाटली बाद. ऍसिड असेल तर चौदा दिवस टिकते, नसेल तर सात, आणि दोन्ही वेळा बर्फात.

मातीचा नमुना कृषी खात्याच्या पद्धतीने घेऊ नका. व्ही आकाराचा खड्डा, ढीग करून चार भाग, सावलीत वाळवणं, हे नत्र-स्फुरदासाठी उत्तम आहे. सॉल्व्हंट मात्र त्या वाळवण्यातच निघून जातं आणि तुम्ही पैसे देऊन स्वच्छ मातीचा अहवाल आणता. वरची वीत-दीड वीत माती बाजूला करा, पहारीने ताजी कड उघडा, आणि टोक कापलेली इंजेक्शनची प्लास्टिक सिरिंज त्या कडेत लगेच खुपसा. साधारण पाच ग्रॅम माती मिथेनॉल असलेल्या बाटलीत ढकला, बाटलीच्या आट्यांना लागलेली माती पुसा नाहीतर झाकण गळतं. मिथेनॉल मुरलेलंही बाहेर काढतं. पण ते विषारी आणि पेटणारं आहे, बिडी ओढणाऱ्या गड्याला तिथून लांब पाठवा.

अहवाल आला की आधी बीडीएलच्या बाजूचा शोधमर्यादेचा आकडा बघा. तिथे 50 मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर "आढळलं नाही" याचा अर्थ पन्नासच्या खाली, आणि मर्यादा आठ आहे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लतही टंकलेखनात होते, मी पाहिली आहे.

आम्ही सध्या काय करतो? प्यायला खालच्या आळीतल्या विहिरीचं पाणी, रहाटाने. पिंपं धुतली त्या कातळावर पत्र्याची शेड टाकली आणि वरून येणारा ओहोळ चर खणून बाजूला काढला. याने सॉल्व्हंट नष्ट होत नाही, पण पहिला पाऊस त्यावर पडत नाही, आणि गेल्या मृगाला काकांचा फोन आला तो आंब्याच्या पेट्यांसाठी. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज दिलाय, चारही अहवाल जोडून. कलमांना पाणी अजून त्याच विहिरीचं.

एक राहिलंच. नमुन्यांबरोबर एक बाटली घरून स्वच्छ पाण्याने भरून न्या, उघडू नका, सगळ्या प्रवासात सोबत ठेवा आणि तीही तपासायला द्या. मला वाटायचं हा लॅबवाल्यांचा नखरा. मृगाच्या नमुन्यांच्या वेळी बर्फ मासळी बाजारातून घेतला, थर्मोकोलची पेटी गाडीच्या डिकीत ठेवली, बाजूला गवत कापायच्या मशीनचा पेट्रोलचा कॅन होता, झाकण जरा सैल. त्या स्वच्छ बाटलीत टोल्युइन आणि झायलीन दोन्ही निघाली. विहिरीच्या अहवालातल्या टोल्युइनवर मला लाल रेघ मारावी लागली. ट्रायक्लोरोएथिलीन स्वच्छ बाटलीत नव्हतं, ते विहिरीचंच. आता पेटी मी मांडीवर घेऊन एसटीने जाते, आणि कंडक्टर विचारतो मासे आहेत का.